चांदण्यांचा कागद

आमच्या मॅडम कोणाला 'कसं काय, बरं आहे ना' असं कधी विचारत नसत. कॉलेजच्या जिन्यात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, कुठंही भेटल्या तरी त्यांचं पहिलं वाक्य एकच असे, "काल काय खाल्लं?" उत्तर मिळेपर्यंत त्या समोरून हलत नसत. 'नेहमीचंच' असं म्हणून सुटका होत नसे. "नेहमीचं म्हणजे काय? किती? केवढ्या वाटीनं?" नव्वदच्या दशकातल्या बारामतीत निम्म्या गावाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पण 'काल काय खाल्लं बाई' म्हटलं की रिक्षावाला नेमका त्यांच्या दारात नेऊन सोडायचा.

बुटकी, काटक मूर्ती. सुती साडी, पदर कायम कमरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि खांद्याला खाकी पिशवी. त्या पिशवीत एक छोटा काटा आणि वजनं, एकात एक बसणाऱ्या तीन वाट्या, एक फूटपट्टी आणि काळ्या फ्लॉप्यांचा डबा एवढा संसार असे. लूनावरून जाताना खड्डा आला की वाट्या खुळखुळायच्या. आम्ही मुली होस्टेलच्या खिडकीतून नुसत्या आवाजावरून ओळखायचो, मॅडम आल्या.

त्या गृहविज्ञान शिकवत. मी त्यांच्या वर्गात आले ती पळसदेवहून. आमच्या घरी आजोबांच्या वेळेपर्यंत मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धरणाच्या पाण्यावर ऊस धरला, आणि त्यातून माझं शिक्षण निघालं. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळं पहिले काही महिने मी वर्गात पाठीमागं बसायची आणि कोणी काही विचारू नये म्हणून वहीत डोकं घालायची.

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सगळ्यांना आदल्या दिवशीचं खाणं लिहून आणायला सांगितलं. मी रविवारी घरी होते, म्हणून लिहिलं, दोन भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. कागद वाचून त्यांनी मला उभं केलं.

"भाकरी केवढी?"

मी दोन्ही हात पसरून दाखवलं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. पिशवीतून फूटपट्टी काढून त्यांनी माझ्या दोन तळहातांमधलं अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी येताना आईच्या हातची एक भाकरी घेऊन ये. फडक्यात बांधून. खाऊ नको वाटेत."

मी नेली. त्यांनी ती वर्गासमोर काट्यात घातली. पुस्तकातल्या भाकरीच्या दुपटीला ती थोडी कमी भरली. मॅडम त्या भाकरीकडं सोनं पारखावं तशा बघत राहिल्या. मग मला घेऊन तडक संगणकाच्या खोलीकडं निघाल्या.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. कॉलेजात तेव्हा दोनच संगणक होते. खोलीत सतरंजी होती, पडदे होते, आणि चपला बाहेर काढून देवळात जावं तसं आत जायचं. संगणकांवर भरतकामाचे रुमाल घातलेले असत. आम्हा गृहविज्ञानाच्या मुलींना तिथं काही काम नसे. मॅडम मात्र संध्याकाळच्या खासगी क्लासला अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून प्रोग्रॅम लिहायला शिकल्या होत्या. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. तिथली पोरं त्यांना आधी हसली, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्याच वह्या उतरवून घ्यायला आली, असं त्या सांगत. त्या शिकण्यातून त्यांनी एक प्रोग्रॅम बनवला होता. माणसानं दिवसभरात काय खाल्लं ते त्यात भरायचं, आणि यंत्र सांगायचं की अंगाला काय पोचलं आणि काय राहिलं.

पुस्तकांतून मिळालेल्या पदार्थांच्या यादीवर त्यांचं समाधान नव्हतं. तांदुळजा, पाथरी, हुलग्याचं माडगं, उजनीच्या पाण्यातली चिलापी मासळी, एकेक पदार्थ त्या हुडकून भरत होत्या. त्या दिवशी माझ्यासमोर काळ्या पडद्यावर हिरव्या रोमन अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'भाकरी, पळसदेव', आणि पुढं वजन टाकलं. माझ्या आईनं चुलीसमोर बसून थापलेली भाकरी त्या यंत्रात गेली. आईला एबीसीडी येत नव्हती, सहीच्या जागी ती अंगठा करायची. मी सतरंजीवर उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. त्या सोमवारनंतर मी वर्गात पाठीमागं बसले नाही.

त्या खोलीचे एक सर होते, संगणकांची देखभाल करणारे. त्यांचं आणि मॅडमचं कधी जमलं नाही. मॅडम प्रोग्रॅम लिहिताना मोड आलेल्या मटकीची वाटी शेजारी ठेवत. एकदा कीबोर्डात मुंग्या झाल्या. सर प्राचार्यांकडं तक्रार घेऊन गेले, आणि प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. अर्ध्या तासानं मॅडम बाहेर आल्या त्या प्राचार्यांचं आदल्या दिवशीचं खाणं लिहून घेऊनच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर छापील कागद गेला. त्यावर चहाचे सात कप होते. प्राचार्यांनी मुंग्यांचा विषय पुन्हा काढला नाही, आणि कँटीनवाल्याला निरोप गेला की साहेबांचा चारचा चहा बंद.

प्रिंटरवर मराठी निघत नसे. रोमन अक्षरं आमच्या आयांना वाचता येत नव्हती, पुष्कळजणींना कुठलीच येत नव्हती. म्हणून मॅडमनी आकडे काढून टाकले आणि कागदावर चांदण्या छापायला सुरुवात केली. वरची ओळ अंगाला जेवढं हवं त्याची, ती पूर्ण भरलेली. खालची ओळ अंगाला पोचलं त्याची. वरच्या ओळीखाली खालची ओळ कुठं तुटते ते बघायचं, बस. बायका कागद एकमेकींच्या शेजारी धरून बघायच्या. "माज्या चांदण्या तुज्यापरीस कमी कशा गं? दूध तर आमच्यातच जास्ती हाय." "दूध हाय, पर तू पितीस का डेअरीला घालतीस?" मॅडमना जे तासभर सांगून पटवता आलं नसतं ते असं आपापसांत होऊन जायचं, आणि त्या लांब उभ्या राहून वहीत काहीतरी टिपून घ्यायच्या.

एकदा बावड्याला कार्यक्रम होता. संगणक, पडदा आणि प्रिंटर दोन गाद्यांमध्ये बांधून टेम्पोतून नेले. मी मागं गादीवर हात ठेवून बसले होते, आजारी माणसाला दवाखान्यात नेतात तशी. शाळेच्या व्हरांड्यात साठ-सत्तर बायका जमल्या, आणि आम्ही तारा जोडतो न जोडतो तोच वीज गेली. तास गेला, दीड तास गेला. बायका पदर सावरून उठायला लागल्या. मॅडम समोरच्या किराणा दुकानात गेल्या आणि तिथल्या चाचांकडून पायलीभर ज्वारी मागून आणली. व्हरांड्यात फरशीवर दाण्यांची एक लांब ओळ घातली. मग एका बाईला पुढं बोलावून विचारलं, काल काय खाल्लं, आणि एकेक पदार्थ ऐकत, तोंडानं हिशेब करत दुसरी ओळ घालत गेल्या. प्रोग्रॅममधले सगळे आकडे त्यांना पाठ होते. तीन तास त्या फरशीवर गुडघ्यांवर रांगत होत्या. वीज आली तेव्हा कोणाचं लक्षही नव्हतं. ज्वारी परत द्यायला गेलो तर चाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. आमच्या घरची पण त्यात बसली हुती. तिची ओळ मी हितनं बघितली." आणि त्यांनी वर शेंगदाण्यांचा एक पुडा मॅडमच्या पिशवीत घातला.

मॅडमचं एक वाक्य तेव्हा मला कळलेलं नव्हतं. "माणूस खाण्याबद्दल खोटं बोलत नाही, सभ्यपणानं बोलतो." वर्गात त्या हे दर आठ दिवसांनी म्हणायच्या. मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, परीक्षेत येईल म्हणून. त्याचा अर्थ मला आमच्याच घरात समजायचा होता.

मी दुसऱ्या वर्षाला असताना वहिनीला पुन्हा दिवस गेले. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. तिची पहिली मुलगी आठव्या महिन्यात झाली होती आणि आठवड्याच्या आत गेली. मुठीएवढी होती. घरात त्यावर कोणी बोलत नव्हतं, पण वहिनीला पुन्हा दिवस राहिल्याचं कळल्यावर आईनं आनंदानं एक शब्द काढला नाही. फक्त देव्हाऱ्यासमोर जाऊन बसली. वहिनी कामं पूर्वीसारखीच करायची, पण हंडा खाली ठेवला की भिंतीला धरून उभी राहायची. मी विचारलं तर म्हणायची, "काय न्हाय वन्सं, जरा अंधारी आली."

दिवाळीच्या सुट्टीत मॅडमनी आम्हाला घरातल्या एका माणसाचं सात दिवसांचं खाणं टिपून आणायला सांगितलं. मी वहिनीची निवड केली. रोज संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बसायचे. ती सांगायची, दोन भाकरी, कालवण, चटणी, भात, दूध. एक दिवस चिलापी, एक दिवस अंडी, पाडव्याला पुरणपोळी. तिची एखादी गोष्ट राहिली तर आई चुलीपाशी बसून भर घालायची. "वरण बी हुतं की परवा. लिव्ह." मी काटेकोरपणे सगळं लिहिलं.

सुट्टी संपल्यावर संगणकात भरलं. कागद बाहेर आला आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. वहिनीची ओळ जवळजवळ शेवटापर्यंत पोचत होती. म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. यंत्रानं सांगितलं होतं. मी कागद घेऊन धावत मॅडमकडं गेले.

त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"वहिनीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितलीस?"

"हो, तुम्ही शिकवलं तसं."

"कशी आहे?"

"पांढरट."

"नखं?"

"पांढरीच."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "मग हा कागद तिचा नाही."

मला राग आला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना उलटून बोलले. म्हणाले, "माझी वहिनी खोटं बोलत नाही मॅडम."

"खोटं बोलते असं मी म्हटलं का? प्रश्न माझा आहे. तोच कुठंतरी चुकलाय. यंत्राला काय, आपण विचारू तेवढंच ते सांगणार." मग घड्याळ बघितलं, जणू लगेच निघायचं होतं. "रविवारी मी तुझ्या घरी येते. आईला सांग, जेवायला नाही, बसायला."

रविवारी आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीनं भिगवणमार्गे गेलो. मॅडम आमच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि आईला म्हणाल्या, "आज दिवसभर मी हितं कोपऱ्यात बसते. तुमचं काम चालू द्या. मी मधे बोलणार नाही."

आई गांगरली. "अवं बाई, पाटावर तरी बसा. कॉलेजातल्या तुमी, जमिनीवर कुठं बसता?"

"जमिनीवरनं भांड्यांचे तळ दिसतात," मॅडम म्हणाल्या. आईला वाटलं थट्टा आहे.

त्या खरोखर बसून राहिल्या. त्या दिवशी चिलापीचं कालवण होतं. दादानं पहाटे पाण्यावरून ताजी आणली होती. दुपारी आबा, दादा आणि मी जेवायला बसलो. मॅडमचं ताट आई आमच्याबरोबर वाढायला लागली तर त्या म्हणाल्या, "मी शेवटच्या माणसाबरोबर जेवणार." आम्ही तिघं जेवलो. आईनं माझ्या ताटात माशाचे दोन तुकडे घातले, वर तिसरा. "खा. होस्टेलात कुठलं मिळतंय." मी खाल्ले. मग रानातले दोन गडी जेवले. मग वहिनीनं भांडी आवरली, गोठ्यात जाऊन आली, आणि तीनच्या सुमाराला आई आणि ती बसल्या. मॅडम त्यांच्याबरोबर बसल्या.

मी दारात उभी होते. भाकऱ्यांच्या टोपलीत दीड भाकरी उरली होती. कालवणाच्या पातेल्यात रस्सा होता, मासा नव्हता. आईनं एक भाकरी वहिनीच्या ताटात घातली. उरलेली अर्धी मॅडमना देऊ लागली तेव्हा मॅडमनी तिचा हात धरला आणि ती अर्धी आईच्याच ताटात ठेवायला लावली. स्वतः त्यांनी रस्सा नुसता वाटीतून प्यायला.

जेवण झाल्यावर मॅडमनी वहिनीला हळूच विचारलं, "काय जेवलीस गं?"

"जेवले की बाई. भाकरी, चिलापीचं कालवण, चटणी."

ती खोटं बोलत नव्हती. आज घरात तेच जेवण होतं. आमच्याकडं सुनेला काय जेवलीस विचारलं तर ती घराचं जेवण सांगते. मला तुकडा आला नाही, असं सांगणं म्हणजे सासूला गावात खाली बघायला लावणं. सात दिवस वहिनीनं मला तेच सांगितलं होतं, घराची अब्रू. आणि मी ती एकेक पदार्थ करून संगणकात भरली होती.

पण मला बसलेला धक्का दुसराच होता. तिसरा तुकडा माझ्या ताटात होता. कॉलेजला गेल्यापासून मी पुरुषांच्या पंगतीत जेवत होते. घरातल्या शिकल्यासवरल्या माणसाचा मान म्हणून, आणि मला तो मान आवडत होता. शेवटी कोण बसतं आणि तेव्हा भांड्यात काय असतं, हे मी दीड वर्षात एकदाही वळून बघितलं नव्हतं. आहारशास्त्रात माझे पैकीच्या पैकी गुण होते.

परतीच्या गाडीत मॅडम वहीत प्रश्न लिहीत आणि खोडत होत्या. पुढचे चार-पाच दिवस त्या संगणकाच्या खोलीतून बाहेर निघाल्या नाहीत. त्यांनी अख्खा प्रोग्रॅम उलगडून पुन्हा लिहायला घेतला. आता यंत्र पहिल्यांदा खाणं विचारत नव्हतं. पडद्यावर पहिला प्रश्न यायचा, जेवायला कितव्या बसलात? दुसरा, तुम्ही बसलात तेव्हा भांड्यात काय होतं? एका माणसाऐवजी अख्ख्या घराचा एकच कागद निघायचा, बसण्याच्या क्रमानं. देखभालीचे सर मागं उभे राहून ते बघत होते. "मॅडम, असा प्रश्न कुठल्या पुस्तकात आहे?" त्यांनी विचारलं. मॅडम पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पुस्तकं लिहिणारे पहिल्या पंगतीला जेवतात." सरांनी खुर्ची ओढली आणि त्यांना चुका शोधायला मदत करत बसले.

पुढच्या रविवारी मॅडम पुन्हा पळसदेवला आल्या. ओसरीवर त्यांनी तो लांब कागद पसरला, कडेला भोकं असलेला, घड्या उलगडत जाणारा. पाच ओळी होत्या. आबा, दादा, मी, वहिनी, आई. आबांची आणि दादाची ओळ काठोकाठ होती. माझी त्यांच्याइतकीच. वहिनीची अर्ध्याच्या आत तुटलेली.

दादानं बोट ठेवलं. "ही कुणाची?"

"तुमच्या बायकोची. दोन जिवांची आहे, म्हणजे तिची खरी ओळ तुमच्यापेक्षा लांब पाहिजे."

"पर घरात काय कमी हाय का?"

"काहीच कमी नाही. कमी असतं तर मी आले नसते, मला काय करता आलं असतं?"

आईचा चेहरा उतरला होता. "म्हंजी मी सुनंला उपाशी ठेवती व्हय बाई? पोटच्या पोरीवानी बघती तिला. माज्या आधी वाढती."

"माहीत आहे मला," मॅडम म्हणाल्या. "आता त्याच्या खालची ओळ बघा."

शेवटच्या ओळीत मोजून सात चांदण्या होत्या. आई वाकून बघत राहिली. तिच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि एवढ्या काळात तिनं काय खाल्लं हे आम्ही कोणी तिला विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. तिनं त्या चांदण्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एवढ्याशाच हाईत की." आबांनी तोंड फिरवून धरणाच्या पाण्याकडं बघितलं. मग ते म्हणाले, "गडीमाणसांच्या मागनं बायकांनी बसायचं ही रीत हाय बाई. ती काय आमी पाडलेली न्हाय."

"रीत राहू द्या आबा. मी मोडायला आले नाही. त्या दोघी खुशाल शेवटी बसू देत. फक्त त्यांची ताटं आधी काढून झाकून ठेवायची. पुरुष बसायच्या आधी."

"गड्यांच्या आधी बायकांची ताटं?" आई म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"सणाला देवाचा नैवेद्य आधी काढता ना? तेव्हा कोणी काही म्हणतं?"

आई विचारात पडली. मग वहिनीकडं बघून ती म्हणाली, "नैवेद्याच्या शेजारी ठिवू. तितं कोन हात लावत न्हाय."

मॅडमनी आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्यांचंही विचारलं. वहिनीनं त्या ज्वारीच्या कणगीत लपवल्या होत्या, पोटात मळमळतं म्हणून. मॅडम रागावल्या नाहीत. जेवणानंतर घे, लिंबू पिळून खात जा, एवढंच सांगितलं. आणि दादाला म्हणाल्या, "गोळी तुम्ही द्यायची. हातावर ठेवून, समोर उभं राहून." दादा एवढा आडदांड, पण त्या बुटक्या बाईसमोर मान खाली घालून व्हय म्हणाला.

हिवाळा गेला. मी पंधरा दिवसांनी घरी जायची, भांड्यांचे तळ बघायची, आणि सोमवारी कागद काढायची. मी आता आई-वहिनीबरोबर शेवटी बसत होते. माझी ओळ थोडी आखूड झाली होती आणि मला त्याचं बरं वाटत होतं. वहिनीची ओळ सरकत होती. पण चांदण्या म्हणजे काही वचन नव्हतं, हे मॅडमनी मला बजावून ठेवलं होतं. "आपण उशिरा सुरुवात केलीय. कागदावर विसंबू नको." आठवा महिना लागला तसं माझं अभ्यासावरून लक्ष उडालं. मॅडम वर्गात शिकवता शिकवता मधेच थांबून माझ्याकडं बघायच्या आणि मी मान हलवायची, अजून निरोप नाही. निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर आला. त्यानं होस्टेलच्या फाटकात उभं राहून सांगितलं, "तुमच्या आईनं सांगितलंय, आठवा सरला म्हनावं."

नववा भरून इंदापूरच्या दवाखान्यात वहिनी बाळंत झाली. मुलगी. दादा सकाळी सकाळी बारामतीला आला, आणि आम्ही दोघं मॅडमच्या घरी गेलो. त्या दात घासत होत्या.

"मुलगी झाली," दादा म्हणाला. "पावणेतीन किलू."

मॅडमनी चूळ भरली. "काटा कुठला होता?"

"काय?"

"दवाखान्यातला काटा. पाळणा लावलेला, की ताटाचा?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. मॅडम आत गेल्या आणि पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. आतून नळाचा आवाज येत होता. आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि डोळे लाल होते, आणि त्या दादाला विचारत होत्या, बाळंतिणीला आज काय दिलं.

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. मॅडम निवृत्त होऊन बारामती सोडून गेल्या. तो संगणक भंगारात गेला, आणि फ्लॉप्या मी मागून घेतल्या तरी त्या वाचणारं यंत्र आता कुठं मिळत नाही. मी पुढं आहारतज्ज्ञ झाले. पुष्कळ मोठी यंत्रं, पुष्कळ हुशार माणसं बघितली. पण आपला प्रश्न चुकला असेल म्हणून कोणाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर दिवसभर बसून राहिलेलं माणूस मला दुसरं दिसलेलं नाही.

बारशाचं तेवढं सांगायचं राहिलं. मांडव घातला होता, पाहुणे आले होते, आणि पहिली पंगत पुरुषांची बसत होती. आई वाढायला उठली, थांबली, आणि वहिनीचा हात धरून तिला बाळासकट त्या पंगतीच्या टोकाला नेऊन बसवलं. भावकीतले दोघं-तिघं जण बघत राहिले. कोणी काही बोलायच्या आत मॅडम पुढं झाल्या. त्यांनी आईच्या हातातली पळी काढून घेतली आणि म्हणाल्या, "तुम्हीही बसा."

"मी? आन वाढायचं कुनी?"

"मी वाढते. आणि ही आहे," त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

आई बसली. ताटात सगळं वाढून झालं तरी तिला घास घेता येईना. सगळ्यांबरोबर जेवायची तिला सवयच नव्हती. ती इकडं तिकडं बघत होती, कोणाचं काय संपलं ते. आबा शेजारच्या पाटावर होते. त्यांनी तिच्याकडं न बघता, खालच्या आवाजात म्हटलं, "जेव आता. थंड व्हतंय."

तेव्हा तिनं भाकरी मोडली.

मॅडम आणि मी सगळ्या पंगती उठवून चारला जेवायला बसलो. आमटीचं पातेलं रिकामं झालं होतं. भात खाली लागला होता. मॅडमनी तो उलथन्यानं खरवडून काढला, दोन सारखे भाग केले, आणि मोठा वाटला तो माझ्याकडं सरकवला.